कॅसेटी डिजिटल करून देणारं पुण्याच्या बुधवार पेठेतलं दुकान: पाचपैकी चार स्टार, एक का कापला ते वाचा

आधीच सांगते, दुकानाचं नाव लिहिणार नाहीये. काका एकटेच चालवतात, आहे तेवढंच काम उरकत नाही म्हणतात, आणि खाली मी थोडी कुरकुर पण केलीये, तर उगाच कशाला. तपकीर गल्लीत शिरायचं, एलईडीच्या माळा आणि स्पीकरच्या दुकानांमधनं वाट काढत आत जायचं आणि कुणालाही "जुने टेप रिपेअर करतात ते काका कुठं बसतात" विचारायचं, सांगतात लोक. टेपरेकॉर्डर, डेक, अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणं हा त्यांचा मूळ धंदा, आणि आता काही वर्षं झाली, कॅसेटवरचं सगळं पेनड्राइव्हवर घालून पण देतात. मी हे दुसरं काम करून घेतलं, त्याचा हा रिव्ह्यू.

पहिला प्रश्न जो माझ्या नवऱ्यानं विचारला, मुलीनं विचारला आणि काउंटरवर चक्क काकांनी पण विचारला, की अहो ताई, ही गाणी मोबाइलवर फुकटात पडलीयेत, पैसे कशाला घालवताय? प्रश्न रास्त आहे. माझ्या पिशवीत होतं काय, तर १९९५ चं अलिशाचं 'मेड इन इंडिया', त्याच वर्षाचा दलेर मेहंदी, १९९६ चा लकी अलीचा 'सुनो', हरिहरन आणि लेस्ली लुईसचं 'कलोनियल कझिन्स', मिलिंद इंगळेंचा 'गारवा', आणि रेहमानची 'रोजा' आणि 'रंगीला', म्हंजे नव्वदीत कॉलेजात गेलेल्या कुठल्याही मराठी मुलीच्या कपाटात सापडेल तेच. यातलं एकही गाणं दुर्मिळ वगैरे नाही, सर्च केलं की दोन सेकंदात हजर. पण निम्म्याच्या वर कॅसेटी विकतच्या नव्हत्याच हो, त्या भरून घेतलेल्या होत्या, आणि भरून घेतलेली कॅसेट कुठल्याच अ‍ॅपवर मिळत नाही.

आत्ताच्या पोरांसाठी सांगते. आम्ही सांगलीचे. अख्ख्या अल्बमची कॅसेट घ्यायची तर त्यातली दोन गाणी आवडीची आणि बाकीची नुसती भरती, म्हणून वहीचं पान फाडून त्यावर आपल्या आवडीच्या गाण्यांची यादी करायची आणि विश्रामबागला एक दुकान होतं तिथं नेऊन द्यायची, की एवढी भरून द्या. तो आधी विचारायचा साठची की नव्वदची. साठच्या कॅसेटला एका बाजूला तीस मिनिटं, नव्वदच्याला पंचेचाळीस. यादीतलं एखादं त्याच्याकडं नसलं की तो त्याच्या मनानं दुसरं टाकायचा, न विचारता, आणि दोन-तीन दिवसांनी कॅसेट घेऊन घरी येऊन लावली की कळायचं की आपण मागितलेलं राहिलंच आणि त्या जागी हे कोण गातंय. पहिले आठ दिवस त्याला शिव्या घालायच्या, नंतर तेच गाणं सगळ्यात लाडकं होऊन बसायचं. हा सगळा उद्योग बेकायदेशीर होता हे आता कळतं, तेव्हा ते गिरणीतनं दळण आणण्याइतकं रोजचं होतं.

तर मुद्दा असा की त्या कॅसेटीचा क्रम डोक्यात जाऊन बसलाय. आज 'ओ सनम' कुठंही लागू दे, लग्नात, टॅक्सीत, डेंटिस्टकडं, ते संपत आलं की माझं डोकं पुढचं गाणं आपोआप सुरू करतं आणि ते असतं 'रंगीला'मधलं, का तर माझ्या कॅसेटवर त्यापुढं तेच होतं. अ‍ॅपवर मात्र त्याच्यामागं लकी अलीचंच दुसरं काहीतरी येतं, किंवा त्याच्यासारखं आणखी कुणाचं, आणि दरवेळी पायरी चुकते. प्लेलिस्ट करून बघितली, तोच क्रम लावून. नाही जमत. कारण बी साइडचं शेवटचं गाणं दुसऱ्या अंतऱ्यातच तुटायचं, टेप संपायची तिथं, आणि प्लेलिस्टमध्ये ते बिचारं पूर्ण वाजतं.

विकतच्या कॅसेटींचं पण असंच. तेव्हा एका बाजूला एक पिक्चर आणि दुसऱ्या बाजूला भलताच दुसरा अशा जोड कॅसेटी मिळायच्या, आणि त्या दोन पिक्चरांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसला तरी आमच्या घरात ते सख्खे भाऊ झाले.

आणि तो टी-सिरीजचा प्रकार आठवतोय का? एचएमव्हीची कॅसेट महाग, टी-सिरीजची स्वस्त. पण रफी, किशोर, मुकेश यांच्या मूळ रेकॉर्डिंगचे हक्क बहुतेक एचएमव्हीकडं, मग टी-सिरीजनं तीच गाणी नव्या गायकांकडनं गाऊन घेतली. तेव्हाच्या कॉपीराइट कायद्यात रॉयल्टी भरून असं नव्यानं रेकॉर्ड करायची सोय होती. सोनू निगम रफी गायचा, कुमार सानू किशोर गायचा, बबला मेहता मुकेश गायचे, आणि कॅसेटच्या कव्हरवर फोटो बघावा तर कोण गातंय ते नीट वाचल्याशिवाय कळायचं नाही. आमची आई स्वैपाक करताना जी रफीची म्हणून कॅसेट लावायची ती सोनू निगमची होती. आता यूट्यूबवर गाणं शोधलं की साहजिकच खरा रफी येतो, आणि आई म्हणते "हा नव्हे गं, आपल्याकडचा लाव." आता रफीपेक्षा सोनू निगम बरा असं कोण म्हणेल, मी तर नाहीच म्हणणार, पण स्वैपाकघरात पंधरा वर्षं जो वाजला तो "आपल्याकडचा". ती कॅसेट पण पिशवीत होती. जुन्या गाण्यांमागं झंकार बीट्स, म्हंजे नवा ठेका, लावलेल्या पण दोन कॅसेटी घरात होत्या, त्या मी सांगून टाकते की नाही दिल्या, काही गोष्टी विसरलेल्याच बऱ्या.

आता कामाबद्दल. काकांचं काम बघायला मिळतं हा या दुकानाचा सगळ्यात मोठा प्लस पॉइंट, टेबलासमोर एक स्टूल आहे, बसा म्हणतात. कॅसेट हातात घेतली की ते आधी लावत नाहीत. उजेडात धरून खिडकीतनं आतल्या रिळाची कड बघतात. माझ्या तीन-चार कॅसेटींना कडेनं पांढरी पूड दिसत होती, म्हणाले ही बुरशी, पावसाळ्यात बंद कपाटात राहिली की धरतेच, आणि ही जर तशीच डेकमध्ये घातली तर हेडला, म्हंजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला, लागून पुढच्या सगळ्या कॅसेटींना जाणार. त्या बाजूला काढल्या, वेगळ्या मशिनवर साफ करतो म्हणाले आणि त्याचे पैसे वेगळे. दुसरं बघतात ती आतली गादी. कॅसेटच्या खालच्या तोंडाला धातूच्या पातळ पट्टीवर एक छोटीशी नमद्याची गादी असते, तीच टेपला हेडवर दाबून धरते. तीस वर्षांत त्याचा गोंद वाळतो आणि गादी पडते, मग आवाज येतो जातो येतो जातो. माझ्या 'कलोनियल कझिन्स'ची गादी गायब होती. काकांनी ड्रॉवरमधनं कुणाची तरी टाकाऊ कॅसेट काढली, पाच बारके स्क्रू सोडवले, तिची पट्टी चिमट्यानं उचलली आणि माझ्या कॅसेटमध्ये बसवली. काही कॅसेटींना स्क्रूच नसतात, दोन्ही बाजू चिकटवलेल्या, त्यांची टेप कापून काढून नव्या डबीत घालावी लागते. तुटलेली टेप पण जोडून देतात, पण साधा सेलोटेप लावून आणलेली असली की चिडतात, त्याचा चिकटा पाघळून पुढच्या वेटोळ्यांना लागतो म्हणून. आमच्या दादानं तर सगळीकडं सेलोटेपच लावलाय.

मग कॅसेट एकदा पूर्ण पुढं आणि एकदा पूर्ण मागं पळवतात, नुसती, न वाजवता. वर्षानुवर्षं एकाच ताणात गुंडाळलेली टेप मोकळी होते म्हणे. आणि त्यानंतर ते जे करतात त्यासाठी मी पैसे दिले असं समजा. हेडच्या शेजारी एक इवलासा स्क्रू असतो, गाणं चालू ठेवून पेचकसानं तो ते जरासा इकडं, जरासा तिकडं फिरवतात आणि कान देऊन ऐकत बसतात. माझी भरून घेतलेली पहिली कॅसेट सुरुवातीला अगदी दबकी वाजत होती, मला वाटलं गेली ही. त्यांनी स्क्रू फिरवला, फार तर पाव आटा, आणि एकदम झांजा, टाळ्या, 'स'चे उच्चार सगळं वर आलं. ज्या डेकवर भरली त्याचा हेड थोडा तिरका असणार, म्हणाले, मग आपला पण तेवढाच तिरका करायचा की. म्हंजे विश्रामबागच्या त्या दुकानदाराच्या डेकचा तिरकेपणा सुद्धा या कॅसेटीत साठवलेला होता. प्रत्येक कॅसेटला हे नव्यानं करावं लागतं, कारण प्रत्येक वेगळ्या मशिनवर भरलेली.

यासाठीच सांगते, ऑनलाइन जे वॉकमनसारखं दिसणारं यूएसबीवालं खेळणं मिळतं ना, हजार-दोन हजारात, "घरच्या घरी कॅसेट डिजिटल करा" म्हणून, ते घेऊ नका. मी घेतलं होतं. त्याचा स्पीडच स्थिर नाही, टेप सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकायला पाहिजे ती कधी जास्त कधी कमी, आणि सूर असे हलतात की हरिहरन सुद्धा बेसूर वाटायला लागतो, यापेक्षा मोठा पुरावा काय देऊ. स्क्रू फिरवायची सोय तर सोडाच.

वेळ लागतो, याची तयारी ठेवा. नव्वद मिनिटांची कॅसेट भरायला नव्वद मिनिटंच लागतात, त्याला शॉर्टकट नाही, आणि काकांकडं चालू स्थितीतले डेक दोनच. रबरी बेल्ट हा सगळ्यांचा दुखरा भाग, जुने बेल्ट वितळून डांबरासारखे चिकट होतात आणि नवे पाहिजे त्या मापाचे मिळत नाहीत. आठवड्यात देतो म्हणाले होते, महिना घेतला. फोन केला की "ताई, चालू आहे" एवढंच. दुपारी एक ते चार दुकान बंद, हे सांगायची गरज नाही, पुणं आहे.

आता तो कापलेला स्टार. पहिल्या लॉटचा पेनड्राइव्ह घरी आणून लावला आणि माझं डोकंच फिरलं. कॅसेटची ती सुरसुर असते ना, मागनं सतत येणारी, ती काकांच्या भाच्यानं कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर लावून पार काढून टाकलेली. मला न विचारता. आणि सुरसुर जाते तेव्हा एकटी जात नाही, तिच्याबरोबर श्वास जातो, झांजेची किणकिण जाते, आणि आवाज असा येतो की नळाखाली डोकं धरून ऐकतोय. वर गाणी वेगळी करायचं काम पण सॉफ्टवेअरवरच सोडलेलं, जिथं शांतता आली तिथं कापायचं, त्यामुळे मुखड्याआधी एक छान ठेहराव असलेलं गाणं दोन तुकड्यांत, आणि एकमेकांत मिसळलेली दोन गाणी एकाच फाइलीत. आणि नावं काय, तर ट्रॅक एक, ट्रॅक दोन, ट्रॅक तीन. मी तशीच परत गेले. काकांनी ऐकलं, भाच्याकडं एकदा बघितलं, आणि सगळ्या कॅसेटी पुन्हा भरून दिल्या, जास्तीचे पैसे न घेता, फक्त परत तीन आठवडे गेले. त्यामुळे एकच स्टार कापलाय, एरवी दोन कापले असते.

म्हणून जाल तेव्हा चिठ्ठीवर स्पष्ट लिहून द्या: सफाई नको, गाणी तोडू नका, एका बाजूची एकच सलग फाइल. डब्ल्यूएव्हीमध्ये, म्हंजे आवाज न दाबता साठवणाऱ्या फाइलीत, मागा, मिनिटाला साधारण दहा एमबी पडतात, नव्वदची कॅसेट एक जीबीच्या आत बसते, आजकाल एवढ्या जागेचं कुणाला काय पडलंय. त्यावरनं एमपीथ्री नंतर घरी कधीही करता येते, उलटं केलं तर गेलेला आवाज परत येत नाही. आणि सुरसुर राहू द्या. कॅसेट सुरू झाली की गाण्याच्या आधी जे दोन-चार सेकंद नुसतं सुर्र्र येतं, त्यानंच मला अर्धं कॉलेज परत मिळतं. काही कॅसेटींवर तर त्या सुर्र्रमध्ये येणाऱ्या गाण्याची पहिली ओळ अगदी पुसट ऐकू येते, गाणं सुरू व्हायच्या क्षणभर आधी. काका म्हणाले टेप गुंडाळून ठेवली की एका वेटोळ्याचं चुंबक शेजारच्या वेटोळ्यावर थोडं उमटतं, त्याचा तो आवाज. सॉफ्टवेअरवाला भाचा याला डिफेक्ट म्हणतो.

दुसऱ्या लॉटमध्ये मात्र मजा आली. आप्पांची भीमसेनजींच्या अभंगांची कॅसेट होती, त्यांची फार जीवाची. विकतच्या कॅसेटीच्या डोक्यावर दोन कोपऱ्यांत पाकळ्या मोडलेल्या असतात, म्हणजे त्यावर चुकून काही रेकॉर्ड होऊ नये. पण त्या भोकांवर सेलोटेप लावला की होतं, हे तेव्हा गल्लीतल्या शेंबड्या पोराला पण माहीत होतं. तर आता त्या फाइलीत पंडितजी आलाप घेतायत, टाळ-मृदंग सुरू, दोन-एक मिनिटं सगळं पंढरपूर, आणि मग खटॅक असा आवाज येऊन थेट दलेर मेहंदी. पुढं सगळा तोच. आप्पा तेव्हा कसे काही बोलले नाहीत देव जाणे, बहुतेक त्यांनी ती कॅसेट परत लावलीच नसणार, किंवा लावली आणि गप्प बसले. दादा म्हणतो ते मी केलं. मी म्हणते भोकावर सेलोटेप कुणाचा.

आणखी एक फाइल आहे, 'आपली आवड' रेडिओवरनं टेप केलेली. आमचा टू-इन-वन होता, रेकॉर्ड आणि प्ले दोन्ही बटणं एकदम दाबायची, एक जरी आधी दाबलं गेलं तरी पहिला शब्द गेला. गाण्याआधी निवेदिका फर्माइश करणाऱ्यांची नावं वाचतायत, तासगाव, मिरज, जत, आटपाडी, गावं संपता संपत नाहीत, आणि गाणं संपायच्या आतच त्या पुन्हा बोलायला लागतात. तेव्हा याचा इतका राग यायचा! गाणं खराब केलं म्हणून. आता गाणं मी पुढं ढकलते आणि ती नावं ऐकते.

ते लाल-निळे रेट्रो दिसणारे डबे आलेत ना बाजारात, आत हजारो जुनी गाणी भरलेली, ते आईबापांना द्यायला चांगले आहेत, बटण फिरवलं की गाणं, कटकट नाही. आमच्या आईकडं पण एक आहे आणि ती सकाळी लावते. पण त्यात जो काळ भरलाय तो आईचा आणि आईच्या आधीचा. नव्वदीच्या इंडीपॉपसाठी, आनंद शिंदेंच्या पोपटासाठी, वेसावकरांच्या कोळीगीतांसाठी, गणपतीत मांडवात अकरा दिवस जे जे वाजलं त्यासाठी तो डबा कामाचा नाही. आमची पिढी आता पन्नाशीला टेकली, आमचा डबा कुणीतरी काढेलच लवकर, धंदा कुणाला नकोय. तेव्हा पण क्रम त्यांचाच असणार.

रेट सांगते, कारण तेच विचाराल. साध्या कॅसेटला अडीचशे, बुरशी असेल किंवा डबी बदलावी लागली तर साडेतीनशे, आतल्या कागदाचा स्कॅन हवा असेल तर वर वीस रुपये, तो घ्याच. माझ्या कॅसेटींच्या आतल्या कागदांवर निळ्या बॉलपेननं गाण्यांची नावं लिहिलेली आहेत, शुद्धलेखन असं की मराठीच्या बाईंनी कान धरला असता, आणि एका कागदावर मैत्रिणीनं कोपऱ्यात कुणाच्या तरी नावाचं आद्याक्षर लिहून वर गिरगटून टाकलंय. पिशवीभर कॅसेटींचे मिळून मला सहा हजारांच्या आसपास पडले. महाग आहे का? नवऱ्याच्या मते आहे. रोकड किंवा यूपीआय दोन्ही चालतं. पावती मागितली तर डायरीच्या कागदावर देतात, पण कॅसेटी मोजून देतात आणि मोजून परत घ्यायला लावतात, एक इकडची तिकडं झाली नाही.

एकशेवीसची कॅसेट असेल तर नेऊ नका, ती टेप इतकी पातळ असते की डेकमध्ये गुंतते, काका हातच लावत नाहीत. व्हिडिओ कॅसेट, लग्नाच्या वगैरे, ते करत नाहीत. स्वतःची गाडी घेऊन जायचा विचार तर अजिबात करू नका, मेट्रोनं मंडई नाहीतर कसबा पेठ स्टेशनला उतरा आणि चालत जा. शनिवारी सकाळी गेलात तर काका निवांत सापडतात, भाचा कॉलेजला असतो. चिठ्ठी काकांच्याच हातात द्या.